मृगातला तेजोमेघ कॅमेऱ्यात टिपताना: पुण्याहून, पायरीपायरीनं

मृग नक्षत्रात एका ओळीत असलेले तीन तारे, ज्यांना आपण व्याधाचा बाण म्हणतो, ते बहुतेकांना लहानपणापासून माहीत असतात. नक्षत्र दक्षिणेला डोक्यावर आलं की त्या बाणाच्या खाली आणखी तीन मंद ठिपके उभ्या रांगेत दिसतात. त्यातल्या मधल्या ठिपक्याकडे टक लावून पाहिलं तर तो बाकीच्या ताऱ्यांसारखा टोकदार दिसत नाही, कडा पुसट वाटतात. हा मृगातला तेजोमेघ, खगोलाच्या यादीतला एम ४२. अंतर सुमारे साडेतेराशे प्रकाशवर्षं, पसारा चोवीसेक प्रकाशवर्षांचा. आज रात्री तुमच्या सेन्सरवर पडणारा त्याचा प्रकाश बदामीच्या चालुक्यांच्या काळात निघालेला आहे. आत वायू आणि धूळ आकसून नवे तारे तयार होत आहेत. मध्यभागी ट्रॅपिझियम नावाचा कोवळ्या, अतितप्त ताऱ्यांचा चौकडा आहे आणि त्यांच्या अतिनील किरणांमुळे भोवतालचा हायड्रोजन ६५६.३ नॅनोमीटरच्या लाल रंगात झळाळतो. मंद प्रकाशात आपल्या डोळ्याला रंग कळत नाहीत, म्हणून दुर्बिणीतून तो राखाडी किंवा हिरवट दिसतो. कॅमेऱ्याला मात्र ते रंग दिसतात.

पहिल्या फोटोसाठी मी प्रत्येकाला हाच तेजोमेघ सुचवतो. तो तेजस्वी आहे, मोठा आहे (आकाशात साधारण एक अंश, म्हणजे पूर्णचंद्राच्या दुप्पट रुंद) आणि पुण्यातून तो फार छान जागी असतो. पुण्याचा अक्षांश साडेअठरा अंश उत्तर, तेजोमेघ खगोलीय विषुववृत्ताच्या साडेपाच अंश दक्षिणेला. त्यामुळे आपल्याकडे तो क्षितिजापासून ६६ अंश वर चढतो. लंडनमधला छायाचित्रकार याच तेजोमेघाकडे ३३ अंशांवर, जवळपास पावणेदोनपट जाड हवेच्या थरातून बघत असतो. ही सोय आपल्याला फुकट मिळालेली आहे. त्यामुळे महागडी उपकरणं घेण्याआधी अंधारी जागा शोधा आणि जास्तीत जास्त वेळ प्रकाश गोळा करा, असं माझं ठाम मत आहे.

कधी जायचं

डिसेंबरच्या मध्याला तेजोमेघ रात्री साडेबाराच्या सुमारास सर्वांत उंच असतो. पुढे दर महिन्याला तो दोन तास आधी तिथं पोचतो: जानेवारीच्या मध्याला साधारण साडेदहा, फेब्रुवारीच्या मध्याला साडेआठ. या वेळेच्या तीन तास आधीपासून तीन तास नंतरपर्यंतचा काळ कामाचा. रात्रभर न जागता भरपूर प्रकाश हवा असेल तर जानेवारी सगळ्यांत सोयीचा. संध्याकाळी साडेसातला सुरुवात केली की मध्यरात्रीनंतर लगेच आवरता येतं.

चंद्र नको. दिनदर्शिकेत मार्गशीर्ष आणि पौष अमावस्येच्या खुणा करून ठेवा, त्यांच्या चार-पाच दिवस मागेपुढे चालतं. पाऊस जानेवारीत आडवा येत नाही, पण धूर येतो. फेब्रुवारी उजाडला की मावळ, मुळशी, वेल्हे भागात भातखाचरांत राब भाजायला घेतात, डोंगरांवर गवताचे वणवे लागतात, आणि वारा पडला की तो धूर दरीत साचून राहतो. दिवसा लांबचा डोंगर निळसर, धुरकट दिसत असेल तर रात्रीही कॉन्ट्रास्ट मिळणार नाही. त्या दिवशी जाऊ नका.

कुठे जायचं

पुण्याच्या कोणत्या बाजूला जाता याला महत्त्व आहे. मृग दक्षिणेला असतो, म्हणून शहराचा उजेड पाठीमागे, उत्तरेला राहील अशी जागा निवडा. नसरापूर फाट्यावरून आत वळून वेल्ह्याकडे, पानशेतच्या पलीकडे, किंवा भोर ओलांडून पुढे, या दिशा म्हणूनच चांगल्या. वेल्हे शहरापासून साठेक किलोमीटर, म्हणजे ऑफिस आटपूनही पोचता येतं. संध्याकाळी लवकर सुरुवात केली तर मृग पूर्वेला असतो आणि महामार्गाकडचा, शिरवळच्या कारखान्यांचा उजेड थोडा नडतो. तास-दीड तासात मृग त्याच्या वर निघून जातो.

उत्तरेला जुन्नरचं आकाशही अंधारं आहे. आयुका या पुण्यातल्या खगोलसंस्थेची दोन मीटर व्यासाची दुर्बीण शेजारच्याच आंबेगाव तालुक्यात, गिरवलीला आहे. पण तिथून दक्षिणेकडे पाहिलं की चाकण आणि पुण्याचा उजेड समोर येतो. शिवाय ऊसपट्ट्यात बिबट्यांचा वावर आहे, तेव्हा तिकडे जायचं तर वस्तीच्या आवारात, चौघांच्या सोबतीनं बसा. शेताच्या बांधावर एकट्यानं रात्र काढू नका.

जागा दिवसा बघून ठेवा. एखाद्या घराचं अंगण किंवा शाळेचं पटांगण गडाच्या माथ्यापेक्षा बरं: वारा कमी, जमीन सपाट, वेळप्रसंगी माणूस हाकेच्या अंतरावर. मालकाला विचारा, काय करणार ते सांगा, आणि रात्री अंगणातला दिवा बंद ठेवता येईल का हेही विचारून घ्या. गावातली माणसं सहसा नाही म्हणत नाहीत. उलट तासाभरात घरातली मुलं कॅमेऱ्याच्या पडद्याभोवती गोळा होतात, तेव्हा त्यांना आधी दाखवा.

दिवसा एक गोष्ट जरूर तपासायची: उत्तर दिशा मोकळी आहे का? मृग दक्षिणेला, मग उत्तर कशाला, याचं उत्तर पुढे ध्रुवाच्या भागात येईल.

काय लागतं

कुठलाही डीएसएलआर किंवा मिररलेस कॅमेरा, रॉ (म्हणजे सेन्सरची माहिती जशीच्या तशी ठेवणारी) फाइल देणारा. दहा वर्षं जुना असला तरी चालेल. भक्कम ट्रायपॉड. ठरावीक अंतरानं आपोआप फोटो घेणारा इंटरव्हॅलोमीटर (काही कॅमेऱ्यांत तो आतच असतो). दोन बॅटऱ्या, कारण थंडीत त्या लवकर उतरतात. टॉर्चला लाल जिलेटिन कागद, म्हणजे अंधाराला सरावलेले डोळे पुन्हा दिपत नाहीत.

लेन्सबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. एपीएस-सी (बऱ्याच हौशी कॅमेऱ्यांत असतो त्या आकाराच्या) सेन्सरवर २०० मिलिमीटरची लेन्स लावली तर सुमारे पावणेसात अंश बाय साडेचार अंशांचा आकाशाचा तुकडा येतो आणि तेजोमेघ फोटोत आठ-नऊशे पिक्सेल व्यापतो. पंखांसारखे पसरलेले त्याचे कडेचे पदर दिसायला एवढं पुरतं. १३५ मिलिमीटरमध्ये वरचा बाणही चौकटीत मावतो. मला ही चौकट सर्वांत आवडते, कारण पाहणाऱ्याला आपण आकाशात कुठे आहोत ते कळतं. ५० मिलिमीटरमध्ये तेजोमेघ दोनशे पिक्सेलचा, पण गुलाबी रंग नक्की उतरतो. लेन्स भाड्यानं मिळते, मित्राकडे असते. विकत घेण्याची घाई करू नका.

पैसे खर्च करायचेच असतील तर ते स्टार ट्रॅकरवर करा. पृथ्वी फिरते त्यामुळे तारे दर सेकंदाला १५ विकलांनी (एक विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) सरकतात. स्थिर ट्रायपॉडवर ५० मिलिमीटरला तीन सेकंद, १३५ ला एखादा सेकंद, इतपतच उघडझाप करता येते, नाहीतर ताऱ्यांच्या रेघा होतात. ट्रॅकर कॅमेऱ्याला आकाशाच्या वेगानं फिरवतो आणि एका फोटोला मिनिट-दोन मिनिटं मिळतात. ट्रॅकर नसेल तरी काम अडत नाही: ५० मिलिमीटर, एफ २.८, आयएसओ ३२००, तीन सेकंदांचे तीन-चारशे फोटो घ्या आणि नंतर एकत्र करा. लांब लेन्स असेल तर दर पाच मिनिटांनी तेजोमेघ पुन्हा मध्यावर आणा.

ध्रुव गाठणं

ट्रॅकरचा अक्ष खगोलीय ध्रुवाकडे, म्हणजे सगळं आकाश ज्याभोवती फिरताना दिसतं त्या बिंदूकडे, नेमका रोखला तरच तो नीट फिरतो. ध्रुवतारा आपल्याकडे फक्त साडेअठरा अंश वर असतो. हात ताठ करून मूठ धरली की ती दहा अंश झाकते, म्हणजे क्षितिजापासून दोन मुठींच्या आतच. इथंच पुण्यातल्या कित्येक रात्री वाया जातात. दहा मीटर उंचीचं आंब्याचं झाड उत्तरेला तीस मीटरांच्या आत असलं की ध्रुव त्याच्या आड गेला. डोंगराच्या दक्षिण पायथ्याला चिकटून बसलात तरी तेच. वर सांगितलेल्या जागांवरून शहराचा उजेडही त्याच बाजूला असतो, पण ध्रुव त्यातून दिसण्याइतका तेजस्वी आहे.

आधी ट्रायपॉड पाणसळ करून घ्या. ट्रॅकरच्या अंशपट्टीवर १८.५ लावा. मोबाइलच्या होकायंत्रानं उत्तर धरा, पण लोखंडी पत्रा किंवा गाडीजवळ होकायंत्र फसवतं, तेव्हा शर्मिष्ठा या तारकासमूहावरून खातरजमा करा. जानेवारीच्या संध्याकाळी ती वायव्येला असते. मग ट्रॅकरच्या छोट्या ध्रुव दुर्बिणीतून ध्रुवतारा शोधा. तो खऱ्या ध्रुवबिंदूपासून पाऊण अंशाहून किंचित कमी अंतरावर असतो आणि त्याभोवती रोज फिरतो. दुर्बिणीतल्या वर्तुळावर त्या घटकेला तो नेमका कुठे हवा, ते मोबाइलवरचं ॲप सांगतं. तिथं आणून बसवा, स्क्रू घट्ट करा, कॅमेरा चढवा आणि पुन्हा एकदा तपासा, कारण कॅमेऱ्याच्या वजनानं जुळणी हलते. २०० मिलिमीटरला मिनिटभराच्या फोटोसाठी दशांश अंशाची चूक खपून जाते. परिपूर्णतेच्या मागे लागून तासभर घालवू नका, तो तास तेजोमेघाला द्या.

फोकस

बाकी सगळं थोडं कमीजास्त झालं तरी पुढे सावरता येतं. फोकस चुकला तर काहीच उरत नाही. ऑटोफोकस बंद, लेन्समधलं कंपनरोधक बंद. कॅमेरा व्याध किंवा मृगातला राजन्य यांपैकी एका तेजस्वी ताऱ्याकडे वळवा, लाइव्ह व्ह्यू दहापट मोठा करा आणि फोकसची कडी अगदी हळू फिरवा. ताऱ्याचा गोळा लहान होत जातो, एका क्षणी टाचणीच्या टोकाएवढा होतो आणि पुढे गेलात की पुन्हा फुगतो. फुगायला लागेपर्यंत जा, मग मागे या. दोन-तीनदा असं केलं की सर्वांत लहान ठिपका कुठे होता हे बोटांना कळतं. काही लेन्समध्ये तिथं ताऱ्याच्या कडेला जांभळी आणि हिरवी झाक अदलाबदल करते. त्या दोन्हींच्या मधली जागा बरोबर.

बाहतिनोव्ह मास्क (फोकस जुळवण्यासाठीची खाचांची चकती) लेन्सवर लावला तर ताऱ्यातून तीन रेघा निघतात आणि मधली रेघ उरलेल्या दोघींच्या बरोबर मधोमध आली की फोकस जुळला. मास्क स्वस्त असतो, थ्रीडी प्रिंटरवर करूनही मिळतो. जुळल्यावर कडीला कागदी चिकटपट्टी लावा. तासाभरानं तापमान उतरतं, फोकस सरकतो, तेव्हा पुन्हा तपासा. मास्क काढायला मात्र विसरू नका.

दवाचीही काळजी इथंच घ्या. पानशेत, मुळशीसारख्या पाण्याकाठच्या जागी रात्री दहानंतर लेन्सच्या काचेवर दव धरतं आणि फोटो हळूहळू धुरकट होत जातात. पॉवर बँकेवर चालणारा गरम पट्टा लेन्सभोवती गुंडाळा. काच कापडानं पुसू नका, ओरखडे आणि डाग दोन्ही पडतात.

एक्स्पोजर, आणि गाभ्याचा प्रश्न

या तेजोमेघाचा पहिला छायाचित्रकार हेन्री ड्रेपर. ३० सप्टेंबर १८८० ला न्यूयॉर्कजवळच्या आपल्या वेधशाळेतून त्यानं ११ इंची दुर्बिणीला छायाचित्रणाची काच लावली आणि ५१ मिनिटं प्रकाश गोळा केला. आपणही तेच करतो, फक्त तुकड्यातुकड्यांनी. एक मिनिटाचे साठ फोटो घेऊन ते एकावर एक रचले की तासाभराचा प्रकाश जमतो. फोटो चौपट केले की नॉइज, म्हणजे फोटोतली रवाळ खरखर, निम्मा होतो. म्हणून एक तासाचं काम चांगलं, चार तासांचं ठळकपणे चांगलं.

ट्रॅकरवर २०० मिलिमीटर, एफ ४, आयएसओ ८००, ६० सेकंद यापासून सुरुवात करा. फाइल रॉ, व्हाइट बॅलन्स डेलाइट, लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद (चालू असेल तर कॅमेरा प्रत्येक फोटोनंतर तेवढाच वेळ स्वतःसाठी घेतो). हिस्टोग्रामचा (फोटोतल्या उजेडाच्या आलेखाचा) उंचवटा डावीकडून पाव ते एक तृतीयांशापर्यंत आला पाहिजे. डाव्या भिंतीला चिकटला असेल तर वेळ वाढवा, मध्यावर गेला असेल तर कमी करा. दर दहा-पंधरा फोटोंनी चौकट अगदी किंचित, काही पिक्सेलपुरती, हलवा. सेन्सरवरचे बिघडलेले पिक्सेल मग रचताना आपोआप गळून पडतात.

मिनिटभराच्या फोटोत तेजोमेघाचा गाभा पांढराफटक येतो. हे टळत नाही: कडेचे पदर आणि ट्रॅपिझियमभोवतीचा भाग यांच्या तेजात प्रचंड फरक आहे, एका एक्स्पोजरमध्ये दोन्ही मावत नाहीत. अनेकांचे फोटो इथंच अडकतात, पंख सुंदर आणि मध्ये पांढरं भोक. म्हणून लांब फोटो संपल्यावर, कशालाही धक्का न लावता, १० सेकंदांचे वीस आणि २ सेकंदांचे वीस फोटो घ्या. पाच मिनिटांचं काम आहे. दोन सेकंदांच्या फोटोत गाभ्यातली हिरवट-निळसर छटा आणि ट्रॅपिझियमचे तारे दिसतात. २०० मिलिमीटरला ते जेमतेम सुटे होतात, १३५ ला एकच ठिपका दिसतो.

साध्या कॅमेऱ्यात सेन्सरवर जी अवरक्त गाळणी असते ती हायड्रोजनचा बराचसा लाल प्रकाशही अडवते. कॅमेरा त्यासाठी उघडून बदलून घेण्याचा सल्ला बरेच जण देतात. या तेजोमेघासाठी त्याची गरज नाही. तो इतका तेजस्वी आहे की उरलेला लाल पुरतो, शिवाय त्यात ऑक्सिजनचा हिरवट-निळा आणि धुळीवरून परावर्तित झालेला निळा प्रकाशही आहे.

डार्क, फ्लॅट, बायस

आवरण्याआधी कॅमेरा बाहेरच ठेवून, लेन्सला टोपण लावून, त्याच आयएसओवर आणि त्याच वेळेचे वीस फोटो घ्या. हे डार्क. ते त्याच थंडीत घेतलेले हवेत, बॅगेत किंवा गाडीत घेतले तर उपयोग नाही. टोपण तसंच ठेवून सर्वांत वेगवान शटरचे तीस फोटो, ते बायस. फ्लॅटसाठी पांढरा सुती कपडा लेन्सवर ताणून बसवा, वर टॅबलेटचा पांढरा पडदा धरा आणि फोकस न हलवता तीसेक फोटो घ्या. लेन्सच्या कोपऱ्यांतला काळोख आणि सेन्सरवरच्या धुळीचे डाग यानं जातात. कंटाळा येतो तो इथंच, पण फ्लॅट नसले तर पुढची अर्धी रात्र संगणकावर जाते.

घरी आल्यावर

फोटो रचणारं सिरिल हे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. विंडोजवर डीपस्कायस्टॅकरही आहे. सिरिलमध्ये लाइट्स (म्हणजे तेजोमेघाचे फोटो), डार्क्स, फ्लॅट्स, बायसेस या नावांचे, इंग्रजी अक्षरांतले, चार फोल्डर करून फोटो टाकले की तयार स्क्रिप्ट ते जुळवून, रचून एक चित्र देते. उपग्रहांच्या आणि विमानांच्या रेघाही त्यात गळतात. १० आणि २ सेकंदांचे संच वेगवेगळे रचा, त्यांना बायस आणि फ्लॅट पुरतात.

रचलेलं चित्र उघडलं की काळंकुट्ट दिसतं. घाबरू नका, माहिती आत आहे. क्रम असा ठेवा: कडा कापा, पार्श्वभूमीचा चढउतार काढा (पुण्याकडच्या बाजूला केशरी झाक असतेच), ताऱ्यांच्या आधारानं रंग जुळवा, आणि मगच स्ट्रेच करा, म्हणजे मंद भाग ताणून उजळवा. स्ट्रेच एका झटक्यात करू नका. थोडं वर, मग पाहा, पुन्हा थोडं. पार्श्वभूमी पूर्ण काळी करण्याचा मोह आवरा. ती गडद राखाडी राहिली तरच त्यातले मंद पदर जिवंत दिसतात. काळ्या पार्श्वभूमीवर भडक गुलाबी तेजोमेघ हा आकाशाशी प्रामाणिक फोटो नव्हे.

गाभा जोडण्यासाठी तिन्ही चित्रं जिम्प या चित्रसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक ठेवा: खाली ६० सेकंदांचं, वर १०, सर्वांत वर २. वरच्या प्रत्येक थराला काळा मास्क द्या आणि मऊ, मोठ्या पांढऱ्या ब्रशनं, दहा-पंधरा टक्के तीव्रतेनं, फक्त जळालेल्या भागावर हलका हात फिरवा. गाभा कडांपेक्षा उजळच दिसला पाहिजे. तो काळवंडलेला किंवा सपाट दिसला तर हात जास्त पडला आहे. तेजोमेघाच्या वरच्या टोकाला काळ्या धुळीच्या पट्टीनं तोडलेला छोटा तुकडा दिसेल, तो एम ४३. त्याच्याही वर अर्ध्या अंशावर निळसर ढग आहे, एनजीसी १९७७. हे दोन्ही नीट सुटे दिसले की तुमचं रचणं आणि स्ट्रेच दोन्ही जमलं.

गच्चीवरून

बाहेर जाणं जमत नसेल तर कोथरूड किंवा हडपसरच्या गच्चीवरूनही हा तेजोमेघ मिळतो. फोटो १५-२० सेकंदांचे ठेवा, संख्या वाढवा, आणि तेजोमेघ सर्वांत उंच असतो त्या दोन तासांतच काम करा. हायड्रोजन आणि ऑक्सिजनचेच रंग आत सोडणारा ड्युअल-बँड फिल्टर शहरात खरंच उपयोगी पडतो. जुने प्रकाशप्रदूषण फिल्टर सोडियम दिव्यांसाठी होते, आताच्या पांढऱ्या एलईडींपुढे त्यांचं फारसं चालत नाही. गाभा आणि आतले पदर गच्चीवरूनही छान येतात, बाहेरचे मंद पंख नाही. जवळ कोणी शिकवणारं हवं असेल तर टिळक स्मारक मंदिरातली ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी आकाशनिरीक्षकांसाठी काम करते आहे. तिथं जाऊन भेटा, त्यांच्या आकाशदर्शनाला जा, दुसऱ्याची जुळणी हातात घेऊन बघा.

मार्चच्या मध्यापासून मृग अंधार पडेपर्यंतच पश्चिमेकडे कलायला लागतो. पण ट्रॅकर कपाटात ठेवायची गरज नाही. धनु राशीतला एम ८, लॅगून तेजोमेघ, हाही ताऱ्यांची जन्मभूमी आहे आणि पुण्यातून ४७ अंशांपर्यंत वर येतो. मेच्या मध्याला पहाटे तीनच्या सुमारास तो दक्षिणेला असतो. लेन्स तीच, ६० सेकंद तेच, आणि गाभा मृगाइतका जळत नसल्यामुळे दोन सेकंदांचा संच सोडला तरी चालतो. उन्हाळ्यात सेन्सर तापतो, म्हणून डार्क मात्र तीस घ्या.